रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा

जिन्याखाली आठ दिवस एक लाकडी खुर्ची पडून होती. कुणीतरी घर बदलताना सोडून गेलं होतं. एक पाय लटलटत होता, पाठीची एक पट्टी निसटलेली, अंगावर रंगाचे पोपडे. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात होते. मीही घातला, रोज दोनदा. नवव्या दिवशी कचऱ्याची गाडी यायच्या आधी तिला उचलून वर आणली.

आज ती खिडकीपाशी आहे, फिकट आकाशी रंगात. घरी येणारं प्रत्येक माणूस पहिल्यांदा विचारतं, "रंग कुठला लावलास?" मी डब्याचं नाव सांगते, ते मोबाईलमध्ये टिपून घेतात, आणि मला मनापासून वाईट वाटतं. कारण त्या नावाचा त्यांना काहीही उपयोग होणार नाही. तोच रंग आणून एका दुपारी जुन्या खुर्चीवर फासला तर दोन महिन्यांत नखाने सोलून निघेल, आणि मग ती खुर्ची खरोखरच कचऱ्यात जाईल. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझ्या खुर्चीचं आयुष्य वाढलं ते रंगाच्या आधी केलेल्या कामामुळे. त्या कामाबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून न विचारता सांगते.

खालच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर सुतारकाम करत आले. खुर्ची त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी धरून हलवली. म्हणाले, "आधी ही उभी राहू दे. रंगाचं मग बघ. आणि हा खिळा कुणी ठोकलाय?" लटलटणाऱ्या पायात कुणीतरी कधीतरी खिळा मारला होता. हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगतं, कोरड्या दिवसांत आकसतं. खिळा ना फुगतो ना आकसतो. त्यामुळे वर्षागणिक त्याच्याभोवतीची जागा सैल होत जाते आणि शेवटी लाकूड चिरतं. काकांनी खिळा काढला, पाय सांध्यातून अलगद ओढून बाहेर घेतला आणि आतला वाळलेला पिवळसर थर मला दाखवला. सरस. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला जुना गोंद. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं त्याभोवती गुंडाळून ठेवलं, तसा तो मऊ होऊन खरवडता आला. हे करावंच लागतं. सुकलेल्या जुन्या गोंदावर नवा पांढरा गोंद नीट धरत नाही, त्याला उघडं लाकूड लागतं. मग नवा गोंद लावून पाय बसवला, चारही पायांभोवती दोरी बांधली, दोरीत काठी घालून पीळ दिला आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी खुर्ची हलली नाही. त्या क्षणी मला ती पूर्ण झाली असं वाटलं होतं, आणि अजून रंगाचा पत्ताच नव्हता.

त्यानंतर धुणं. साध्या भांडी धुण्याच्या साबणाचं कोमट पाणी, पिळलेलं फडकं, मग स्वच्छ पाण्याचं फडकं. हाताच्या जागी, म्हणजे पाठीच्या वरच्या कडेला आणि बैठकीच्या पुढच्या बाजूला, वर्षानुवर्षांचा घामाचा आणि तेलाचा थर असतो. तो न धुता घासायला घेतलं तर तेच तेल घासून घासून आत जातं. फर्निचरला चमक आणायला जे फवारे मारतात त्यांतल्या काहींमध्ये सिलिकॉन असतं. ते राहिलं तर वरच्या रंगात गोल गोल बारीक खड्डे पडतात आणि कितीही हात मारले तरी बुजत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाचणाऱ्यांनी बाकी सगळं सोडून दिलं तरी एवढं वाचावं.

धुतल्यावर मी पॉलिश पेपर घेऊन एका कोपऱ्यात घासायला सुरुवात केली. वरचा तपकिरी गेला, खाली मळकट पांढरा, त्याखाली गर्द हिरवा, त्याखाली पिवळा. नकाशात डोंगराभोवती असतात तशा रंगांच्या रेषा उमटल्या. किती घरं, किती माणसं, प्रत्येकाला ही खुर्ची पुन्हा हवीशी वाटली म्हणून प्रत्येकाने तिला रंग दिला. मी हरखून गेले आणि आणखी घासत राहिले. मग जमिनीवरची पूड पाहिली आणि हात थांबला. घरात लहान मूल आहे.

जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. शिशाच्या संयुगांमुळे रंग लवकर सुकायचा, टिकायचा, झाकायचा चांगला. शिसं असलेला पांढरा तर शतकानुशतकं वापरात होता, आणि चकचकीत पिवळ्या रंगांतही शिसं असायचं. धोका माहीत नव्हता असंही नाही. रंगकामात पांढऱ्या शिशाच्या वापरावर बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९२१ सालचा आहे. तरी अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी यायला १९७८ उजाडलं, आणि जगातल्या कित्येक देशांत त्याहून खूप उशीर झाला. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की शरीरात शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असं काही माहीत नाही. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला सगळ्यात जास्त इजा होते. मुलं जमिनीवर खेळतात आणि तोच हात तोंडात घालतात. शिशाचा जुना थर जागेवर घट्ट बसलेला असतो तेव्हा त्याचा उपद्रव कमी. तो घासून आपणच त्याची पूड करतो, ती पूड खरी घातक.

त्यामुळे माझं ठाम मत आहे, आणि यात मला कुणाची समजूत काढायची नाही: जुनं, कुणी रंगवलंय आणि कधी रंगवलंय ते माहीत नसलेलं सामान कोरडं घासू नका. मशीनने तर मुळीच नाही. गरम हवेच्या यंत्राने किंवा ज्योतीने रंग जाळून काढू नका. तपासणीची सोय असेल तर रंगाचा पोपडा तपासून घ्या. मला ते जमलं नाही, म्हणून मी शिसं आहे असंच धरून चालले. मुलाला दोन दिवस दुसरीकडे ठेवलं. खाली प्लॅस्टिक अंथरलं, बारीक धुळीसाठीचा मास्क घातला (साधा कापडी पुरत नाही), वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओल्यानेच वरचा थर फक्त खरखरीत केला, सुटलेले पोपडे ओले करून काढले. केरसुणी लावली नाही, सगळं ओल्या फडक्याने टिपलं आणि प्लॅस्टिकसकट गुंडाळून बंद केलं. अंगावरचे कपडे वेगळे धुतले. जे थर घट्ट होते ते तसेच ठेवले. त्यांच्यावर नवा रंग बसला की ते आत बंद राहतात. लहान मुलाचा पाळणा किंवा मूल चावेल अशी वस्तू असती तर मी तिला हातच लावला नसता.

खड्डे आणि खिळ्याचं भोक लांबी (पुट्टी) भरून बुजवलं, सुकल्यावर तिथेही ओला वॉटर पेपर.

इथे माझी चूक झाली. दोन दिवस मेहनत करून उतावळी झाले होते. बैठकीच्या मधोमध वर्षानुवर्षं बसून रंग आधीच झिजला होता आणि उघडं लाकूड दिसत होतं. मी अस्तर (रंगाआधी लावायचा प्रायमरचा थर) न लावता थेट पाण्यातल्या आकाशी रंगाचा पहिला हात मारला. रात्री सुंदर दिसत होतं. सकाळी बैठकीवर तांबूस-पिवळे डाग फुटले होते. मी दुसरा हात मारला, डाग पुन्हा वर आले. ते रंगाचे दोष नव्हते. बऱ्याच लाकडांत टॅनिन नावाचं डाग पाडणारं नैसर्गिक द्रव्य असतं आणि ते पाण्यात विरघळतं. पाण्यातला रंग लावला की लाकडातलं टॅनिन त्या ओलाव्याबरोबर वर येतं आणि रंग सुकला की तिथेच राहतं. गाठींमधून राळ अशीच बाहेर येते. वरून कितीही हात द्या, प्रत्येक हात त्याला नवा रस्ता देतो.

यावर सगळ्यात भरवशाचा उपाय खूप जुना आहे: लाख. झाडाच्या फांद्यांवर राहणारे इवलेसे किडे जी राळ सोडतात, ती स्वच्छ करून अल्कोहोलमध्ये विरघळवली की झालं शेलॅक. त्यात पाणी नसल्याने टॅनिन ओढलं जात नाही. पटकन सुकतं, डाग आणि जुना कुबट वास दोन्ही आत कोंडतं, जुन्या गुळगुळीत तेलरंगालाही धरतं आणि वरून जवळपास कुठलाही रंग घेतं. शेलॅकचं अस्तर लावताना खिडक्या उघड्या आणि जवळपास ज्योत नको, एवढं पाळलं. त्या एका हाताने डाग थांबले. मला ही गोष्ट फार आवडते: कारखान्यातला आधुनिक रंग जिथे हरला तिथे एका किड्याने काम केलं.

मग रंग. पातळ दोन हात, एक जाड हात कधीच नाही. जाड हात वरून सुकतो, आतून ओला राहतो, कडेने ओघळतो.

पण सुकणं आणि पक्कं होणं यांत मोठं अंतर आहे आणि ते डब्यावर बारीक अक्षरांत असतं. पाण्यातल्या ऍक्रिलिक रंगात प्लॅस्टिकसारखे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो. हाताला तासाभरात कोरडं लागतं. तो पापुद्रा पूर्ण कडक व्हायला मात्र दोन ते चार आठवडे लागू शकतात. मी तिसऱ्या दिवशी खुर्चीवर पुस्तकांचा गठ्ठा ठेवला. आठवड्याने उचलला तर खालच्या पुस्तकाचं वेष्टन रंगाला चिकटून फाटलं आणि रंगही टवका होऊन निघाला. नीट बघितलंत तर बैठकीच्या डाव्या कोपऱ्यात तो दुरुस्त केलेला चौकोन अजून दिसतो.

मला हमखास ऐकवलं जातं ते असं: "खऱ्या लाकडाला कशाला रंग फासायचा? लाकडाची शोभा जाते." हे म्हणणारी माणसं लाकडावर प्रेम करणारी असतात, म्हणून मी त्यांचं नीट ऐकते. पण ते पूर्ण खरं नाही. अठराव्या शतकातल्या इंग्लंड-अमेरिकेतल्या विंडसर खुर्च्या घ्या. बैठकीला एक लाकूड, पायांना दुसरं, पाठीच्या बारीक काड्यांना तिसरं, कारण प्रत्येक भागाला वेगळा गुण हवा. बैठक कोरायला सोपी हवी, काड्या वाकल्या तरी मोडता कामा नयेत. ही तीन रंगांची लाकडं एकसारखी दिसावीत म्हणून त्या खुर्च्या बहुधा रंगवलेल्याच असायच्या, बऱ्याचदा हिरव्या. पुढच्या काळात लोकांनी "मूळ लाकूड" दिसावं म्हणून कित्येक खुर्च्यांचा रंग खरवडून काढला, आणि मूळचं जे होतं तेच घालवलं. माझ्या खुर्चीचेही पाय आणि बैठक वेगवेगळ्या लाकडाचे आहेत. ती पहिल्या दिवसापासून रंगवायलाच केली असणार.

याचा अर्थ दिसेल त्याला रंग, असा मात्र नाही. एकाच सुंदर लाकडाची, सांधे मजबूत असलेली, फक्त निस्तेज झालेली वस्तू असेल तर तिला तेल किंवा पॉलिश द्या, रंग नको. सागवानासारख्या तेलकट लाकडावर रंग धरायलाही कुरकुरतो. (तेल लावणार असाल तर एक सांगते. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकतं, त्यात उष्णता निघते, आणि फडक्यांच्या ढिगात ती साठून आपोआप आग लागू शकते. फडकी घराबाहेर एकेक पसरून कडक वाळू द्या.) आणि भुसा दाबून केलेल्या पाटीचं कपाट पाण्याने फुगलं असेल तर त्याला सोडून द्या. फुगलेली पाटी परत बसत नाही. तिच्यावर घातलेली मेहनत पाहून मला त्रास होतो, कारण तेवढ्या वेळात एखादी खरी खुर्ची वाचली असती.

वाचवायला पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशोबानुसार २०१८ साली त्या एका देशात फर्निचर आणि घरसजावटीचं मिळून सुमारे १ कोटी २० लाख टन सामान टाकून दिलं गेलं, आणि त्यातलं जवळपास ८० टक्के जमिनीत पुरलं गेलं. या आकड्यात किती खुर्च्यांना फक्त एका सांध्याचा गोंद हवा होता, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

खुर्चीचा खालचा भाग मी रंगवला नाही. तिथे हिरव्या-पिवळ्याचे काही थर अजून दिसतात. उलटी करून पेन्सिलीने तारीख लिहिली आहे, आणि खाली: "शेलॅक अस्तर एक हात, ऍक्रिलिक दोन हात. मागचा उजवा पाय नव्याने चिकटवला. जुन्या थरांत शिसं असू शकतं, कोरडं घासू नये." ज्यांना ही पुढे कुठल्यातरी जिन्याखाली सापडेल त्यांच्यासाठी.