‘एकाच बागेची रेड वाइन, ठेवाल तितकी मुरेल’ हे खरं नाही

पुण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. लेबलवर ‘सिंगल व्हिनयार्ड’ असेल तर ती रेड वाइन सगळ्यात उंची. ती लोणच्यासारखी मुरते, म्हणून पंधरा-वीस वर्षं कपाटात ठेवा. आणि तळाशी गाळ दिसला तर ती फेकून द्या, असं त्यात म्हटलंय. चांगल्या बाटल्या या सल्ल्यापायी वाया जातात, म्हणून एकेका दाव्याचं बघू.

सिंगल व्हिनयार्ड म्हणजे द्राक्षं एकाच बागेतली, इतकंच. त्या जागेची माती, उतार, रात्रीचा गारवा यांचा गुण वाइनमध्ये सरमिसळ न होता उतरतो. त्यातून स्वभाव कळतो, दर्जाची हमी मिळत नाही. बाग साधारण असेल तर वाइनही साधारणच. शिवाय अवकाळी पावसाने माल बिघडला तर सावरायला दुसऱ्या बागेची द्राक्षं नसतात. उलट ऑस्ट्रेलियाची पेनफोल्ड्स ग्रेंज ही रेड वाइन वेगवेगळ्या भागांतल्या द्राक्षांची होते आणि कित्येक दशकं टिकते.

आता मुरण्याचं. लोणचं मीठ-तेलावर टिकतं, रेड वाइन टॅनिन आणि आम्लावर. टॅनिन म्हणजे साल आणि बियांतून उतरणारा तुरटपणा. बाटलीत तो हळूहळू मवाळ होतो, ताज्या फळाचा वास मागे पडतो आणि चामडं, तंबाखू, सुकं अंजीर असे वास पुढे येतात. पण मुळात टॅनिन आणि आम्ल बेताचं असेल तर फळ जातं आणि हाती काहीच उरत नाही. जगातली बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते.

दीर्घायुषी वाइन असतातच. कॅलिफोर्नियाची रिज माँटे बेलो एकाच डोंगरावरच्या बागेची. तिची १९७१ ची वाइन १९७६ साली पॅरिसमध्ये लेबलं झाकून घेतलेल्या चाचणीत रेडमध्ये पाचवी आली. २००६ साली त्याच रेड वाइन पुन्हा चाखल्या तेव्हा ती पहिली आली. पण तो त्या थंड डोंगराचा आणि तिथल्या कॅबर्ने या द्राक्षाचा गुण.

आपल्याकडे द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळासाठी) आणि साधारण जानेवारी ते मार्च तोडणी. तोडणी लांबली की चढत्या उन्हात आम्ल झपाट्याने घटतं. त्यामुळे वाइन किती टिकेल हे बरंचसं तोडणीच्या दिवशीच ठरतं. नाशिक-अकलूजकडची ओक लाकडाच्या पिंपात ठेवलेली, शिराझ किंवा कॅबर्ने द्राक्षांची चांगली वाइन काही वर्षं छान राहते. वीस वर्षांचा भरवसा मी देणार नाही.

कपाटाचा सल्ला तर सगळ्यात घातक. वाइनला १२ ते १५ अंश लागतात. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातली बाटली काढून बघा: बूच वर सरकलेलं, वेष्टनाखाली चिकट ओघळ, ग्लासात कडेला तपकिरी झाक, वास शिजवलेल्या मनुकांचा. बाटली उभी असेल तर बूच सुकून हवाही शिरते. वाइनचा फ्रिज नसेल तर बाटली त्याच वर्षी उघडा. असेल तर आडवी ठेवा.

गाळाने घाबरू नका. जुन्या रेडमध्ये रंग आणि टॅनिनचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात. उघडण्याआधी बाटली दिवसभर उभी ठेवा, सावकाश ओता आणि मानेपाशी गाळ आला की थांबा.