फ्लूची लस घ्या, सोबतचा डबा दुकानातच राहू द्या

नाशिकच्या इंदिरानगरात आमचं औषधांचं दुकान आहे आणि बी.फार्म. झाल्यापासून मी काउंटर सांभाळते. मे सरत आला, पावसाच्या गप्पा सुरू झाल्या की फ्लूच्या लशीची विचारणा वाढते. लस टोचून आलेल्या माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "ताई, लस चांगली लागू पडावी म्हणून सोबत काय सुरू करू?"

विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले, धडधाकट. पहाटे त्र्यंबक रोडला सायकल काढणारे, पांडवलेणीच्या पायऱ्या चढणारे, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे. कुणाला प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला चांगल्या समजल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या, पुड्या हव्या असतात, कुणाला झिंक, कुणाला व्हिटॅमिन डी, कुणाला जिनसेंग या औषधी मुळीच्या कॅप्सूल, कुणाला गुळवेलीचा काढा. यातलं सगळं माझ्या फळीवर आहे आणि त्यावरचा नफा साध्या गोळ्यांपेक्षा बरा असतो, हेही सांगून टाकते. तरी माझं मत असं आहे की निरोगी प्रौढ माणसाने फ्लूच्या लशीसोबत यातलं काहीही घ्यायची गरज नाही. तो पैसा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या लशीला लावावा.

आधी लस काय करते ते बघू. दंडात टोचलेल्या लशीत फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन असतं, हिमॅग्लुटिनिन. काखेतल्या लसिका गाठींमध्ये आपल्या पेशी ते ओळखतात, वाढतात, त्यातल्या काही अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, बनवायला लागतात. याला साधारण दोन आठवडे लागतात. ही लस काल टोचली आणि आज कवच तयार, असं होत नाही. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधी घ्या म्हणतात.

आता "लस लागू पडली" हे मोजतात कसं? रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, म्हणजे सीरम, पातळ करत करत नेतात आणि तो कुठपर्यंत विषाणूला अडवू शकतो ते पाहतात. चाळीसपट पातळ केल्यावरही अडवत असेल, तर फ्लू होण्याची शक्यता साधारण निम्म्यावर आली असं धरलं जातं. सप्लिमेंटवरच्या बहुतेक अभ्यासांत मोजलेलं असतं ते एवढंच, हा आकडा किती वाढला. माणूस कमी आजारी पडला का, कामावरच्या रजा वाचल्या का, हे फार थोड्या अभ्यासांत विचारलेलं असतं. जाहिरात मात्र थेट "इम्युनिटी वाढते" असं सांगते. आकडा थोडा वर गेला म्हणजे तुम्ही जुलैत तापाने अंथरुणाला खिळणार नाही, असा अर्थ होत नाही. हा फरक मी रोज समजावते आणि समजावत राहणार.

प्रोबायोटिकची गोष्ट तर सगळ्यांनी नीट वाचावी अशी आहे. २०१२ साली इटलीत २११ निरोगी माणसांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन वेगवेगळ्या जिवाणूंची चाचणी होती आणि दोन्ही घेणाऱ्यांत फ्लूच्या लशीनंतरच्या अँटिबॉडी जास्त दिसल्या. बातमी चांगली होती. मग २०१५ साली त्यातल्याच एका जिवाणूची, लॅक्टोबॅसिलस केसेई ४३१ ची, डेन्मार्क आणि जर्मनीतल्या ११०४ निरोगी प्रौढांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. जिवाणू तोच, माणसं पाचपट. लशीच्या प्रतिसादात काहीच फरक नाही. सर्दी-खोकल्याची लक्षणं मात्र प्रोबायोटिक घेणाऱ्यांत थोडे कमी दिवस टिकली, हेही सांगायला हवं, कारण अर्धी बाजू सांगणं माझ्या धंद्यात आधीच फार होतं.

असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले की प्रोबायोटिकच्या बाजूने थोडा कल दिसतो. पण प्रत्येक ठिकाणी जिवाणू वेगळा, मात्रा वेगळी, लशीच्या आधी किती दिवस घेतलं ते वेगळं. एका जिवाणूचा गुण दुसऱ्याला लागू होत नाही. आपल्याकडच्या पुडीवर अनेकदा जिवाणूच्या वाणाचा क्रमांकच, जसा वरचा ४३१, छापलेला नसतो. मग कुठल्या अभ्यासाच्या जोरावर मी ती पुडी तुमच्या हातात ठेवू? दही खा, जेवणानंतर ताक प्या, मला कौतुकच आहे. पण लशीला जोर यावा म्हणून महिन्याला हजार रुपयांचे जिवाणू गिळायला मी सांगणार नाही.

जिनसेंगबद्दल विक्री प्रतिनिधी जो अभ्यास दाखवतात, तो १९९६ चा, इटलीतला, २२७ जणांवरचा. निकाल फार चांगला होता, अँटिबॉडी जास्त आणि सर्दी-फ्लू कमी. तीस वर्षं होत आली तरी माहितीपत्रकात तोच एक. व्हिटॅमिन ईचंही तसंच. १९९७ चा जो प्रसिद्ध अभ्यास दाखवतात, तो पासष्टच्या पुढच्या लोकांवरचा आणि लस हिपॅटायटिस बी ची. पस्तिशीतल्या सायकलवाल्याच्या फ्लूच्या लशीशी त्याचा काय संबंध? सेलेनियम या खनिजाचं इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या निरोगी लोकांवर करून पाहिलं, तर काही पेशींचा प्रतिसाद वाढला आणि काहींचा घटला. रोगप्रतिकारशक्ती म्हणजे रेडिओचा आवाज वाढवायचं बटण नाही, हे एवढ्यावरूनही कळावं.

"पण ताई, माझं व्हिटॅमिन डी कमी आलंय." कमी आलं असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं जरूर घ्या. हाडांसाठी घ्या, स्नायूंसाठी घ्या. कमतरता भरून काढणं आणि भरलेल्यावर आणखी ओतणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निफाड-दिंडोरीचा जाणता द्राक्षबागायतदार पानदेठ परीक्षण केल्याशिवाय झिंक-बोरॉन फवारत नाही. पानात कमी असेल तर देतो, पुरेसं असेल तर हात आखडतो, कारण जास्त झालं की वेलीलाच त्रास. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र तोच माणूस मोबाईलवर व्हिडिओ बघून तीन डबे घेऊन जातो. व्हिटॅमिन डी आणि फ्लूची लस यांवरचे अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यांत कमतरता असलेल्यांचं काही विषाणूप्रकारांविरुद्धचं संरक्षण जरा कमी दिसलं. पण वरून डी दिल्याने लशीचा प्रतिसाद सुधारला, असं काही हाती लागलं नाही.

आणि "घेतलं तर बिघडतं कुठे?" हे वाक्य मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. बिघडतं. साठ हजार युनिटची डी ची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. झिंक जास्त मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. कोविडच्या काळात सुरू झालेल्या पन्नास मिलिग्रॅमच्या गोळ्या काही घरांत अजून चालू आहेत, कुणी थांबवायला सांगितलंच नाही म्हणून. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद झाला. माझ्यापुरतं मी एवढंच करते की यकृताचा किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्या गिऱ्हाइकाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल देत नाही.

डब्याची मागची बाजूही वाचत चला. न्यूट्रास्युटिकल, म्हणजे औषध नव्हे तर पूरक अन्न, म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापणं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. पुढच्या बाजूला मोठी ढाल काढलेली असते आणि मागे मुंगीच्या अक्षरात ही ओळ.

मग निरोगी माणसाने काय करावं? झोपावं. खरंच सांगते. २००२ साली अमेरिकेत २५ तरुण, निरोगी पुरुषांवर एक छोटा अभ्यास झाला. काही रात्री जेमतेम चार तास झोपू दिलेल्यांमध्ये लशीनंतर दहाव्या दिवशी अँटिबॉडी नीट झोपलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी होत्या. तीन-चार आठवड्यांत ही तफावत भरून निघाली. अभ्यास लहान आहे, हे मान्य. पण झोपेला पैसे पडत नाहीत आणि तिचे दुष्परिणाम नाहीत. रात्रपाळीचा आठवडा चालू असेल तर लस सुट्टीला जोडून घ्या, एवढं तर जमू शकतं.

दुसरं, साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी प्रौढांना फ्लूच्या लशीच्या आसपास पाच दिवस तीव्र अँटिबायोटिक्स दिली. आतड्यातले जिवाणू प्रचंड घटले, आणि ज्यांच्यात आधीची प्रतिकारशक्ती कमी होती त्यांचा लशीचा प्रतिसाद काही बाबतींत मंदावला. एका हाताने प्रोबायोटिक मागायचं आणि दुसऱ्या हाताने चिठ्ठीशिवाय अ‍ॅझिथ्रोमायसिन, हे आमच्या काउंटरवर रोज घडतं. चिठ्ठी नसेल तर मी नाही म्हणते. गिऱ्हाईक रागावून पुढच्या दुकानात जातं. जाऊ दे.

लशीकडून अपेक्षाही नेमकी ठेवा. विषाणूचा अंदाज जुळलेल्या वर्षी ती फ्लूमुळे डॉक्टर गाठावा लागण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. साध्या सर्दीवर ती चालत नाही. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कुठले विषाणू घ्यायचे ते सुचवते. म्हणून गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. हल्ली चारऐवजी तीन प्रकारांची लस दिसली तर फसवणूक समजू नका. बी यामागाता हा प्रकार मार्च २०२० नंतर जगात खात्रीने सापडलेला नाही, म्हणून तो वगळायला सुरुवात झाली.

मी हे आत्ताच एवढ्या पोटतिडकीने का लिहिते? आपल्या भागात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, आणि नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळाही नेमका पावसाळ्यात येतो. २०१५ चा तसाच होता, २०२७ च्या मुख्य पर्वण्याही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. पंचवटीतले लॉजवाले, रामकुंडावरचे पुरोहित, रिक्षावाले दादा, सफाई कर्मचारी, बंदोबस्तावरचे पोलीस, अन्नछत्रातले स्वयंसेवक, ही सगळी निरोगी प्रौढ माणसंच आहेत आणि गर्दीचा पहिला श्वास त्यांच्या अंगावर येणार आहे. संध्याकाळी घरी जाऊन ती म्हाताऱ्या आईजवळ बसणार, गरोदर बायकोजवळ बसणार. त्या घरांत इम्युनिटीचे डबे पोचण्यापेक्षा लस पोचायला हवी. संस्था, मंडळं, कंपन्या जेव्हा "आरोग्य किट" वाटायचं ठरवतात, तेव्हा त्यांनी त्या किटचा पैसा लशीकडे वळवावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. खाजगीत एका लशीला दीड-दोन हजार रुपये पडतात. तीन महिन्यांच्या सप्लिमेंटमध्ये तेवढे सहज जातात.

ज्यांच्या घरी आधीच डब्यांचा ढीग आहे त्यांनी तो एका पिशवीत भरून दुपारी दुकानात घेऊन या, तेव्हा गर्दी कमी असते. आयुर्वेदिक, ऑनलाइन मागवलेलं, मेहुण्याने दुबईहून आणलेलं, सगळं आणा. शुगर-बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठीही आणा. कुठल्या दोन डब्यांत तेच झिंक आहे, कशाची मुदत संपली आहे आणि कशाबद्दल डॉक्टरांना विचारायला हवं, ते बसून बघू. विकत काहीच घ्यावं लागणार नाही.