तीन पोरं आणि अकरा डबे

शाहूपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाला एक बंद पडलेली पिठाची गिरणी आहे. तिच्या ओट्यावर संध्याकाळी सातला आमचा कट्टा भरतो. सातारकरांना कट्ट्यासाठी अजिंक्यताऱ्याचा देखावा लागतो असं बाहेरच्यांना वाटतं. आम्हाला फक्त टेकायला भिंत आणि हाकेच्या अंतरावर चहा लागतो. समोर कुणाच्या तरी बांधकामाची वाळू गेले चार महिने पडून आहे, त्यामुळे सध्या माझीही सोय झालीय. माझी तीन पोरं त्या ढिगावर सोडायची आणि मी अर्धा तास माणसात यायचं.

थोरली सात वर्षांची, खाली साडेतीन वर्षांचे जुळे. बायको पोलिसात. खात्याची परीक्षा पास होऊन फौजदारकीच्या ट्रेनिंगला नाशिकच्या अकादमीत गेलीय. दिवाळीनंतर गेली, आणि अजून पावसाळा काढायचाय. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आईवडील दोघंही नाहीत, सासूबाईंचे गुडघे गेलेत. म्हणजे घरात मोठं माणूस एकच, मी.

परवाच्या वादाला तोंड पप्यानं फोडलं. त्यानं नेहमीचंच वाक्य टाकलं, "भावा, तुला मानलं. तीन-तीन पोरं एकटा गडी सांभाळतोस. आमच्या बायकोला एक सांभाळताना नाकी नऊ येतात."

पिको-फॉलवाल्या वहिनी चहाचा ग्लास घेऊन उभ्या होत्या. त्यांचं दुकान गिरणीला लागूनच आहे, आणि दुकान बंद करताना त्या पाच मिनिटं थांबतात. नवरा फौजेत हवालदार, पोरं तीन. त्या म्हणाल्या, "पप्या भावजी, मी किती वर्षं सांभाळतीय ठाऊक हाय का?"

"वहिनी, तुमचं वेगळं. बाईमाणसाला ते उपजतच असतं."

बस. तिथून पुढं तासभर चहा गार होत राहिला.

मास्तरांनी आधी आपल्या पद्धतीनं विषय मोठा केला. "ह्यात नवीन काय आहे? आपला अर्धा जिल्हा असाच वाढलाय. पाटण, जावळीतले बाप मुंबईला माथाडी कामाला. माझेही होते, मशीद बंदरला. १९६९ ला माथाडी कायदा झाला तेव्हा कुठं त्या कामाला काही धड मिळकत आली. शेजारी विटा-खानापूरकडं बघा, गलाईवाले सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेले. आपल्या अपशिंगे मिलिटरी गावातनं तर पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परतलेच नाहीत. महिन्याला मनीऑर्डर यायची, बाप गणपतीला यायचा. आमच्या आईनं चार पोरं वाढवली, तिला कुणी 'मानलं' म्हटल्याचं ऐकलं नाही."

"मास्तर, तुमच्या आईला सासू होती का?" वहिनींनी विचारलं.

"होती की. दोन जावाही होत्या."

"मग ती एकटी कुठं होती? भांडायला तरी माणूस होतं. मी वन बीएचकेत एकटी. रात्री पोरीला उलटी झाली तर 'अगं जरा ह्याला बघ' असं म्हणायला भिंत हाय फक्त."

मास्तर गप्प झाले. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत, ते असे पटकन गप्प होत नाहीत. पण मनीऑर्डरीच्या त्या जुन्या गोष्टींत जावा आणि चुलत्या नेहमी कशा गळतात हे त्यांनाही बहुधा पहिल्यांदाच दिसलं.

इथं मला एक कबुली द्यायची होती, ती मी दिली. बायको गेल्यावर पहिल्या महिन्यात माझ्या दारात अकरा डबे आले. मी मोजले, कारण डबे परत कुणाकुणाचे करायचे ह्याची यादी फ्रिजवर लावली होती. थालीपीठ, मटकीची उसळ, एकीनं तर पोरांसाठी बेसनाचे लाडू. शाळेत पालक सभेला गेलो तर बाईंनी उभं राहून कौतुक केलं. थोरलीच्या दोन वेण्या आणि लाल रिबिनी मला जमेनात, तर ह्याच वहिनी सकाळी पावणेसातला दारातनं हाक मारून तिचे केस विंचरून द्यायच्या, दीड महिना. स्वतःच्या तिघांचे डबे भरून.

"वहिनी, तुम्हाला किती डबे आले?" मी विचारलं.

त्या हसल्या. "डबं? ह्यांचं पोस्टिंग वर गेलं तवा धाकटा आठ महिन्यांचा होता. पहिल्या महिन्यात गॅसवाला सिलिंडर देऊन पावती फाडत जरा जास्त वेळ उभा राहिला, तर समोरच्या खिडकीचा पडदा हलला. तुमच्याकडं लोक जेवण घेऊन येतात, भावजी. माझ्याकडं कोण येतंय ते बघायला येतात."

पप्यानं तोंड उघडलं आणि परत मिटलं.

मग त्यानं दुसऱ्या बाजूनं वार केला, आणि तो मला जास्त लागला. "पण एक बोलू का? पोरं एवढी लहान असताना प्रमोशनला जायची घाई कशाला? दोन वर्षांनी देता आली असती की परीक्षा."

"माझ्या नवऱ्याला म्हणशील का रं असं?" वहिनी म्हणाल्या. "की पोरं मोठी होऊ दे, मग सीमेवर जा?"

"ते देशाचं काम हाय, वहिनी."

"आन् पोलीस ठाण्यात काय भजी तळत्यात?"

हशा झाला. मी मात्र हसलो नाही, कारण पप्याचं वाक्य मी स्वतः एका रात्री पुरतं मनात म्हणून घेतलेलं आहे. ती रात्र मी कट्ट्यावर पहिल्यांदाच सांगितली.

रात्री दोनला जुळ्यातल्या एकाचं अंग तापलं. थर्मामीटर १०३ दाखवत होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सिरप सहा एमएल लिहिलेलं. कपाटात हात घातला तर जुळ्यांची बाटली रिकामी, थोरलीची भरलेली. औषध तेच, पॅरासिटामॉल. पण लेबल वाचलं तर जुळ्यांच्या बाटलीवर पाच एमएलला १२५ मिलिग्रॅम आणि थोरलीच्या बाटलीवर पाच एमएलला २५०. म्हणजे ह्यातलं सहा दिलं तर दुप्पट जाणार. मोबाईलच्या उजेडात स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून मी त्रैराशिक मांडतोय. शाळेत मला त्रैराशिकात कायम भोपळा. उत्तर तीन येत होतं, पण ते बरोबर आहे असं म्हणायला कुणीतरी हवं होतं. बायकोला फोन लावला, बंद. अकादमीत त्यांना फोन रात्री नऊनंतर थोडा वेळ मिळतो, मग जमा. एवढ्यात थोरली उठून आली. म्हणाली, "बाबा, ते माझं औषध आहे. टोपणावर नेलपॉलिशची रेघ आहे ना, तेवढं माझं. आई म्हणाली होती, भावांना ह्यातलं द्यायचंच झालं तर रेघेच्या निम्मं." रेघ सहावर होती. निम्मं म्हणजे तीन. मी तीन दिलं आणि पहाटेपर्यंत त्याचं अंग कोमट पाण्यानं पुसत बसलो.

काम काय, हातानं होतं. कपडे, डबे, शी-शू, सगळं होतं. पण घरातला प्रत्येक निकाल आपणच लावायचा, आणि चुकला तर सोबत चुकायला कुणी नाही, ह्यानं माणूस जास्त थकतो. कुणी दोघांपैकी एक घरी नसलं की त्याचे हात जातात तसं त्याचं 'हो, बरोबर आहे' हेही जातं. मला ह्या दुसऱ्याची किंमत त्या रात्री कळली.

"तीन बरोबर होतं," वहिनी म्हणाल्या. चार महिन्यांनी का होईना, कुणीतरी म्हणालं.

वकिलांना अशा वेळी ऊर भरून येण्याऐवजी कलम आठवतं. "निकाल लावायचा हक्क तरी कुठं सुखानं मिळतो? वहिनी, ते बँकेचं सांगा."

वहिनींनी सांगितलं. मुलीच्या नावाचं खातं काढायला एका बँकेत गेल्या होत्या. खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, वडिलांची सही आणा. त्या म्हणाल्या, वडील बर्फात आहेत. तो म्हणाला, मग आल्यावर या.

"१९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात कलम सहाला आहे तसं," वकील म्हणाले. "हिंदू अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाचा नैसर्गिक पालक वडील, आणि 'त्यांच्या नंतर' आई. लोक 'नंतर'चा अर्थ वडील वारल्यावर असा घ्यायचे. गीता हरिहरन ह्या लेखिकेनं मुलाच्या नावानं रोखे घ्यायला आपल्या सहीचा अर्ज दिला, तो रिझर्व्ह बँकेनं अडवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ ला कोर्टानं सांगितलं, 'नंतर' म्हणजे वडिलांच्या गैरहजेरीत. गैरहजेरी म्हणजे मेलाच पाहिजे असं नाही."

"म्हंजी माझा नवरा जिता असून गैरहजर, हे कोर्टाला कळलं," वहिनी म्हणाल्या. "खिडकीवाल्याला कवा कळायचं?"

वकिलांकडं ह्याचं कलम नव्हतं.

मास्तरांनी मधेच रजेचा विषय काढला. राज्य सरकारी नोकरीतल्या बायकांना २०१८ पासून बालसंगोपन रजा आहे, १८० दिवस, मूल अठराचं होईपर्यंत. केंद्राच्या नोकरीत ७३० दिवस. राज्याच्या त्या आदेशात पुरुषालाही होती, पण बायको अंथरुणाला खिळलेली असली तर. "म्हणजे बायको आजारी हवी, फौजदार होत असलेली चालत नाही," वकील म्हणाले. मला ह्यात फार रस नव्हता. झेरॉक्स मशीन मला कुठल्याच आदेशानं रजा देत नाही.

आता सुभेदार. ते आमच्यात सगळ्यात मोठे, चोवीस वर्षं नोकरी करून आलेले, आणि एवढा वेळ गप्प होते. ते गप्प असले की आम्हाला वाटतं ते मनात आमची परेड घेतायत. सुरुवात त्यांनी तशीच केली, टाइमटेबल लावा, सात वाजता जेवण, आठला बत्ती बंद. वहिनी म्हणाल्या, एकाला जुलाब लागला की तुमचं टाइमटेबल संडासात. सुभेदार हसले आणि मग जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून ऐकेन असं वाटलं नव्हतं.

"वर्षाची साठ दिवस सुट्टी. ती बी मिळंल तवा. पत्त्यावर गाव न्हाय, नुसतं ५६ एपीओ, फौजेचं टपाल. माझं थोरलं पोरगं तीन वर्षांचं असताना मी दारात उभा राहिलो, तर आत पळत गेलं न् आईला म्हणालं, एक मामा आलाय. ते ठीक. पोरगं दोन दिवसात ओळखायला लागतं. पण मी काय केलं? दुसऱ्या दिवसापासनं पाचला उठवायला लागलो. तांदळाचा डबा इथं का, पोरं जेवताना बोलत्यात का, दप्तर असं का. माझ्या मंडळींनी वर्षभर जे बसवलं हुतं ते मी आठवड्यात मोडलं. बाराव्या दिवशी तिनं भाकरी थापताथापता विचारलं, तुमची सुट्टी कधी संपतीया?"

"रागानं?" पप्यानं विचारलं.

"न्हाय रं. अगदी साधं विचारलं. त्यानंच लागलं. लय वर्षं मला वाटायचं, बायकोला माझी किंमत न्हाय. रिटायर झाल्यावर घरात कायमचा बसलो तवा कळलं, ती रेल्वे चालवत हुती न् मी दर वर्षी रुळावर उभा राहून झेंडा दाखवत हुतो."

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या हवालदारांची सुट्टी पुढच्या महिन्यात सुरू होतेय, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं.

माझंही तेच झालंय, फक्त उलटं. संक्रांतीला बायको दोन दिवस आली. पोरं तिला सोडेनात, मी मोकळा. आणि तिनं थोरलीची वेणी पाहून म्हटलं, "ही वेणी आहे का दोरखंड?" मी असा काही फणकारलो की ती बघतच राहिली. दीड महिना वहिनींकडं बघून बघून शिकलेली वेणी होती ती. तिला वाटलं ती घरी आलीय, मला वाटलं साहेब तपासणीला आलेत. रात्री तिळगूळ देताना दोघंही गप्प.

"मग सांगितलंस का तिला नंतर?" मास्तरांनी विचारलं.

"फोनवर काय सांगायचं? नऊ वाजून दहा मिनिटांनी व्हिडिओ कॉल येतो. तवर जुळे पेंगुळलेले असतात. आई दिसली की जागे होतात, कॉल संपला की रडतात. साडेदहापर्यंत. म्हणून कधी कधी मी उचलतच नाही."

ह्यावर मात्र एकमत झालं नाही. सुभेदार म्हणाले, कॉल नको, रडं वाढतं, आमच्या वेळी आंतर्देशीय पत्र होतं तेच बरं, पोरांना वाचून दाखवायचं आणि झोपवायचं. वहिनी जवळजवळ ओरडल्याच, "उचलत जावा! रडू देत. तिकडं ती एका खोलीत धा जणींत रडायला जागा शोधत आसंल." पप्या म्हणाला, कॉल सकाळी ठेवा. मी म्हटलं, सकाळी ती मैदानावर असते. वकील म्हणाले, थोरलीशी एकटीशी बोलू द्या. हे मला जरा पटलं, तोवर ढिगावरनं रडण्याचा आवाज आला.

जुळ्यातल्या एकाची एक चप्पल वाळूत गेली होती. निळी, डाव्या पायाची. साडेआठ होत आले होते, अजून जेवण व्हायचं होतं. थोरलीनं जागा दाखवली, दुसऱ्यानं भलतीच दाखवली. पप्यानं मोबाईलची बत्ती धरली. वकील बूट काढून ढिगावर चढले. सुभेदार गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी खणायला लागले, आणि वहिनी खाली उभ्या राहून सांगत होत्या, "तिथं न्हाय, सुभेदार, डावीकडं. आवो, तुमचं डावीकडं."