प्रत्येक तापाला लघवीचे कल्चर? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणारा एक संदेश सांगतो की, मुलाला ताप आला की लगेच लघवीचे कल्चर (लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी) करावे, पिशवीत धरलेला नमुना चालतो, जंतू दिसले की अँटिबायोटिक द्यावे आणि औषध संपल्यावर कल्चर पुन्हा करावे.

यातला पहिला मुद्दा अर्धाच खरा आहे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप असेल तर लघवी तपासलीच पाहिजे, आणि दोन वर्षांखालील बाळाच्या तापाचे कारण सापडत नसेल तर या तपासणीचा विचार करावाच लागतो. मात्र पाच वर्षांच्या मुलाला सर्दी-खोकला आहे, लघवीला जळजळ नाही, पोटात दुखत नाही, अशा वेळी कल्चर कशासाठी?

खरा घोळ पिशवीचा आहे. त्वचेला चिकटवलेल्या पिशवीत त्वचेवरचे आणि शौचातले जंतू सहज मिसळतात. तापलेल्या शंभर बाळांपैकी पाचांना मूत्रमार्गाचा संसर्ग असतो असे धरले, तर पिशवीतल्या नमुन्याचे पॉझिटिव्ह कल्चर 88 टक्के वेळा खोटे ठरते, असे अमेरिकन बालरोग अकादमीने 2011 मध्ये नमूद केले. तरीही पिशवी निरुपयोगी नाही. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांची पिशवीतली लघवी आधी रंग बदलणाऱ्या तपासणी-पट्टीने तपासून, संशय आला तरच कॅथेटर (लघवी काढण्याची बारीक नळी) घालण्याची पद्धत लावली, तेव्हा कॅथेटरचे प्रमाण 63 टक्क्यांवरून 30 टक्क्यांच्या खाली आले. ऑस्ट्रेलियात थंड सलाइनमध्ये भिजवलेला गॉज ओटीपोटावर फिरवल्याने पाच मिनिटांत लघवी करणाऱ्या बाळांचे प्रमाण 12 वरून 31 टक्क्यांवर गेले, म्हणजे थेट बाटलीत स्वच्छ नमुना धरणेही सोपे झाले.

जंतू दिसले म्हणजे संसर्ग झाला, हेही खरे नाही. काही निरोगी मुलांच्या लघवीत त्रास न देणारे जंतू असतात, आणि अशा मुलांना शोधून औषध देऊ नये, असे अमेरिकेच्या संसर्गरोगतज्ज्ञ संघटनेचे 2019 चे मार्गदर्शन आहे. लघवीत पस सेल्स (संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नसताना केवळ कल्चरवर विसंबून अँटिबायोटिक दिले, तर जुलाब आणि औषधाला न जुमानणारे जंतू पदरी पडतात, शिवाय तापाचे खरे कारण शोधणे तिथेच थांबते. मूल बरे झाल्यावर कल्चर पुन्हा करण्याची तर एरवी गरजच नसते.

तपासणी टाळल्याने मूत्रपिंडाला इजा होईल ही भीती निराधार नाही, म्हणूनच ताप दोन दिवसांनंतरही उतरला नाही तर मुलाला पुन्हा दाखवावे. तोवर अंदाजाने अँटिबायोटिक मात्र सुरू करू नये, कारण त्यानंतर घेतलेल्या नमुन्यात संसर्ग असूनही जंतू वाढत नाहीत असे होऊ शकते.