डोळ्यांची धास्ती आणि तपासणीची तारीख

मधुमेहामुळे नजर जाईल या भीतीवर उपाय म्हणून एका लेखात दीर्घ श्वसन सुचवले आहे. ते जरूर करा, पण ही भीती अर्धवट माहितीवर पोसते. सुरुवातीला डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) मधुमेहामुळे होणारा आजार काहीच जाणवू देत नाही, म्हणून ‘नीट दिसतंय’ हा पुरावा धरू नका. वर्षातून एकदा थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. दोष निघाला तर डॉक्टर सांगतील तितक्या लवकर पुन्हा. थेंबांनंतर काही तास धूसर दिसते, ऊन सहन होत नाही. इंदूरच्या दुपारी राजवाड्याच्या गर्दीतून स्कूटर चालवत परतू नका, कुणाला तरी सोबत न्या, गॉगल ठेवा.

दिवसभर एकेक डोळा झाकून बघत बसल्याने धास्तीच वाढते. त्याऐवजी ठरलेल्या वेळी एकदाच, वाचायचा चष्मा लावून, ॲम्सलरचा चौकटींचा तक्ता साधारण ३० सेंटीमीटरवर धरून एकेका डोळ्याने बघा. रेषा नव्याने वाकड्या दिसल्या तर लगेच दाखवा. अचानक काळे ठिपके वाढले, विजेसारखे चमकले किंवा नजरेसमोर पडदा सरकल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

साखर वरखाली होते तेव्हा चष्म्याचा नंबरही हलतो, प्रत्येक धूसरपणा म्हणजे अंधत्व नव्हे. साखर काही आठवडे स्थिरावल्यावरच नवा चष्मा करा.

डोळ्याच्या पडद्यावरचा लेझर उपचार सहसा असलेली नजर टिकवण्यासाठी असतो, गेलेली परत आणण्यासाठी नव्हे. हे आधी कळले नाही की लोक निराश होऊन पुढची भेट टाळतात, आणि खरे नुकसान तिथे होते. झोप उडाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.