‘थुंकीवरून भविष्य’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. त्याच वेळी लिहायला बसले असते तर भलतंच लिहिलं गेलं असतं, म्हणून दोन दिवस थांबले. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या जुन्या शहरात सापडलेल्या एका बाईच्या हाडातल्या डीएनएवर मी लेख लिहिला होता, त्याखाली तुम्ही लिहिलंय:

“मॅडम, एका बाईच्या हाडावरून साडेचार हजार वर्षांचा इतिहास लिहिणं म्हणजे थुंकीवरून भविष्य सांगणं. जनुकं भाषा बोलत नाहीत. आजच्या जातींची लेबलं लावून नमुने घेणं हे रिस्लेच्या नाकं मोजण्याचंच पुढचं रूप आहे. ६१ सांगाडे नव्हते, ६१ नमुने होते. आणि हरियाणाचं कौतुक पुरे, एकदा जुनापाणीला जाऊन या.”

६१ चं तुमचं बरोबर आहे. तपासले गेले ते हाडांचे नमुने होते, मी ‘सांगाडे’ लिहिलं ते चुकलं. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी ती मान्य करते, हे इथे नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहे.

पण ‘थुंकीवरून भविष्य’? पहिली गोष्ट, माझ्या अख्ख्या लेखात थुंकी कुठेच नव्हती. दुसरी गोष्ट, हे वाक्य तुम्ही कोणापुढे टाकलंत याची तुम्हाला कल्पना नसावी, म्हणून सांगते.

मी नागपुरात एकतीस वर्षं रक्त तपासण्याच्या टेबलावर काढली. सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. त्याची पहिली तपासणी साधी असते. नळीत द्रावण घ्यायचं, त्यात रक्ताचा बारीकसा थेंब सोडायचा, काही मिनिटं थांबायचं आणि नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर सुटलो. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या साहाय्याने रक्तातली वेगवेगळी हिमोग्लोबिनं पट्टीवर वेगळी करणं. ‘ए’ हे नेहमीचं हिमोग्लोबिन, ‘एस’ हे सिकलसेलचं. वाहकाच्या पट्टीवर ‘ए’ आणि ‘एस’ अशा दोन रेषा उमटतात. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, आणि ज्याला अलीकडे दुसऱ्याचं रक्त चढवलेलं नाही, त्याच्या पट्टीवर सहसा ‘ए’ची रेषाच नसते. माझ्या धाकट्या भावाची पट्टी मी माझ्या हाताने लावली होती. लहानपणापासून त्याचे हातपाय ठणकायचे, डोळे पिवळे व्हायचे, आणि गावाकडच्या एका डॉक्टरांनी सांधेवात समजून त्याला वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या. पट्टीवर ‘ए’ नव्हता. मी ती तीनदा उजेडाकडे धरून पाहिली. तेविसाव्या वर्षी तो गेला.

एका थेंबातून काय कळतं आणि काय नाही, हे तुम्ही मला सांगू नका.

आणि त्याच थेंबात इतिहासही असतो. ‘एस’ हिमोग्लोबिन बनतं ते बीटा ग्लोबिनच्या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने, डीएनएच्या अक्षरांतल्या ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो म्हणून (हा ‘ए’ वेगळा, हिमोग्लोबिनचा नव्हे). पण त्या अक्षराच्या आजूबाजूचा मजकूर पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासोबतच चालत येतो. त्या शेजारावरून तो तुकडा कुठल्या शाखेतला ते ओळखता येतं. भारतातल्या सिकलसेल रुग्णांत मुख्यतः जी ठेवण सापडते तिला अरब-भारतीय म्हणतात, कारण सौदी अरेबियाच्या पूर्व भागातही तीच आहे. आफ्रिकेतल्या ठेवणी वेगळ्या. आपल्या विदर्भात गोंडांच्या आणि अनुसूचित जातींच्या रक्तात ती एकच ठेवण दिसते. ज्यांच्यात सोयरीक होत नाही, त्यांच्या अंगात एकाच पूर्वजाकडून आलेला तुकडा आहे. हे कुठल्या बखरीत वाचलंय का तुम्ही?

आता ‘एका बाईच्या हाडा’बद्दल. ६१ नमुन्यांपैकी एकातूनच वाचण्याजोगं डीएनए निघालं, हे खरं. का, तेही लेखात होतं, पण बहुतेक तुम्ही तिथपर्यंत पोचला नाहीत. उष्ण हवेत डीएनए लवकर तुटतं. तरलंच तर ते कानाच्या आतल्या बाजूच्या त्या टणक हाडात, ज्याच्या पोटात ऐकण्याची यंत्रणा असते. तिथूनही जे मिळतं त्यात मातीतल्या जंतूंचाच भरणा जास्त. म्हणून त्या एका व्यक्तीसाठी शंभराहून जास्त वेळा डीएनए वाचनासाठी नव्याने तयार करून पाहावं लागलं, मग थोडंथोडं करून वाचण्याजोगं जमलं. ते जुनंच आहे, उत्खनन करणाऱ्याच्या घामातलं नाही, हे कशावरून? जुन्या तुकड्यांच्या टोकाला ‘सी’ झिजून ‘टी’सारखा वाचला जातो. आजच्या माणसाच्या ताज्या डीएनएला अशी झीज नसते.

तुमचा खरा गैरसमज पुढेच आहे. एक हाड म्हणजे एक माणूस, असं तुम्ही धरून चाललात. तुमचे आईवडील दोन, आजीआजोबा चार, दहा पिढ्या मागे गेलं की १०२४ जागा. प्रत्येक पिढीत गुणसूत्रांची अदलाबदल होते, त्यामुळे तुमच्या जनुकसंचातला हा तुकडा एका पूर्वजाकडचा आणि त्याला लागून असलेला तुकडा भलत्याच पूर्वजाकडचा. राखीगढीच्या त्या बाईच्या हाडात तिच्या कित्येक पूर्वजांचे तुकडे होते. एका जनुकावरून काही म्हटलं असतं तर तुमचा आक्षेप मी ऐकला असता. इथे हजारो ठिकाणं एकदम ताडून पाहिली होती.

शिवाय ती एकटी नाहीच. २०१९ साली डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांचा राखीगढीवरचा निबंध आला, त्याच सुमारास ५२३ प्राचीन व्यक्तींवरचा दुसरा मोठा निबंध आला. त्यात तुर्कमेनिस्तानातलं गोनूर आणि इराणमधलं शहर-ए-सोख्ता इथल्या अकरा व्यक्ती तिथल्या बाकीच्यांशी जुळत नव्हत्या. त्या जुळल्या या बाईशी. इराणच्या बाजूच्या प्राचीन लोकांशी नातं सांगणारा वारसा, आणि दक्षिण आशियातल्या जुन्या शिकारी-संकलकांचा वारसा, असं तेच मिश्रण. स्टेपचा, म्हणजे मध्य युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचा, अंश बाईतही नाही, त्या अकरांतही नाही. तो भारतीय उपखंडात दिसू लागतो इसवीसनपूर्व २००० ते १५०० च्या दरम्यान. एक आणि अकरा, बारा झाले. तुम्ही एकच मोजलात.

भाषेचं म्हणाल, तर तो स्वतंत्र विषय आहे आणि मी तिथे ‘बहुधा’ हा शब्द वापरला होता. तरी आपल्या मेळघाटातल्या कोरकूंची भाषा मुंडा कुळातली आहे, आणि मुंडा बोलणाऱ्यांत बापाकडून येणारी एक शाखा आग्नेय आशियाकडची तर आईकडून येणारा वारसा इथलाच सापडतो, एवढं बघून ठेवा. अधिक इथे लिहीत नाही.

रिस्लेबद्दल मात्र मला राग आला, तो लपवत नाही. नाकाच्या मापावरून माणसांची प्रतवारी लावणाऱ्या त्या ब्रिटिश अंमलदाराच्या रांगेत तुम्ही मला बसवलंत. माझ्या टेबलावर येणाऱ्या कोणालाही मी जात विचारली नाही, फॉर्मवर छापलेली असायची. याला यापेक्षा जास्त उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

आणि आपल्या नागपूरजवळचं जुनापाणी. काटोल रोडने वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी तिथे गेले, तेव्हा मी आठ वर्षांची होते. दगडांची ती वर्तुळं, काही दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे, त्यात बोट घालून मी मोजत बसले होते आणि वडील म्हणाले, खाली लोखंडाच्या काळातली माणसं झोपलीत, हळू बोल. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिथे खणलं, त्याचा अहवाल १८७९ चा. विदर्भाच्या उन्हात, शेचाळीस अंशांत तापणाऱ्या जमिनीत, अशा जागच्या हाडातून डीएनए हाती लागणं किती कठीण, हे जुनापाणीला उभं राहिलं की जास्तच कळतं. म्हणूनच राखीगढीच्या त्या एका हाडाची मला एवढी किंमत वाटते. तुम्ही त्याला थुंकी म्हणालात.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहाल तेव्हा लेख शेवटपर्यंत वाचून लिहा. आणि मॅडम नका म्हणू, ताई म्हणा.