बाळ अंगानं भरलंय म्हणून सीट पुढे फिरवू नका

साताऱ्यातल्या आई-बाबांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो नात्यातून आला, पाठोपाठ सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन पडला. थोडक्यात मजकूर असा: बाळ गुटगुटीत असेल तर गाडीतल्या उलट्या तोंडाच्या, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे ठेवणाऱ्या, सीटवर पैसे घालू नका. नऊ किलो भरलं की सीट पुढच्या तोंडाला फिरवा, खोक्यावरच तसं लिहिलेलं असतं. मजबूत बाळाला काही होत नाही. उलटं बसवलं तर पाय दुमडून वाकडे होतात. आपल्या रस्त्यांवर कुठे एवढा वेग असतो, जवळच्या जवळ आईची मांडी पुरते. घ्यायचीच तर ०–३६ किलोची एकच सीट घ्या. आणि मागे जागा होत नसेल तर पुढच्या सीटवर लावा, लेकरू नजरेसमोर राहतं.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसणार. पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ नेमकी थोराड बाळांनाच धोक्यात घालते. म्हणून एकेक ओळ घेऊनच उत्तर देते.

"नऊ किलो भरलं की फिरवा." खोक्यावर नऊचा आकडा असतो, हे खरं. ०–१८ किलोच्या बऱ्याच कन्व्हर्टिबल, म्हणजे दोन्हीकडे तोंड करून लावता येणाऱ्या, सीटवर लिहिलेलं असतं: मागे तोंड ० ते १३ किलो, पुढे तोंड ९ ते १८ किलो. हे गट युरोपातल्या आर-४४ या नियमातले. त्यातला नऊ म्हणजे खालची हद्द, तिच्या आत पुढे तोंड करून बसवायचंच नाही. नऊ भरले की फिरवलंच पाहिजे, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. मागे तोंड करून बसवण्याची वरची हद्द तेरा आहे आणि बघायचा आकडा तोच.

थोराड बाळाच्या बाबतीत ही गल्लत किती महागात पडते, ते वजनाच्या तक्त्यावरून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मधल्या रेषेवरचा मुलगा नवव्या महिन्याच्या सुमारास नऊ किलोला येतो. वरच्या टोकाच्या रेषेवरचा मुलगा पाचव्या महिन्यातच तिथे पोचतो. म्हणजे मेसेजचं ऐकायचं तर अजून आधाराशिवाय धड बसताही न येणारं लेकरू पुढे तोंड करून पट्ट्यात बांधायचं! युरोपनं २०१३ पासून आर-१२९ हा नवा नियम आणला, त्यामागे हेही एक कारण होतं. त्यात वजनाऐवजी उंचीवर भर आहे आणि वयाची अट वेगळी घातली आहे: पंधरा महिने पूर्ण होईपर्यंत मागेच तोंड. बाळ कितीही उंच असो, कितीही वजनदार असो, या अटीतून सूट नाही.

"मजबूत बाळाला काही होत नाही." या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. बाळानं मान धरली की घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण मान धरणं हे स्नायूंचं काम. आतले मणके त्या वयात पूर्ण हाडाचे झालेलेच नसतात. प्रत्येक मणक्याचे तुकडे कूर्चेनं जोडलेले असतात आणि मानेतले ते तुकडे जुळून एकसंध हाड व्हायला साधारण तीन ते सहा वर्षांचं वय उजाडतं. भरपूर दूध प्यायल्यानं, बाळसं धरल्यानं हे लवकर होत नाही. त्यात बाळाचं डोकं अंगाच्या मानानं खूप मोठं. जन्मताना ते लांबीच्या जवळपास पाव असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा हिस्सा. समोरून धडक बसली की पुढे तोंड असलेल्या बाळाचे खांदे पट्टे धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे जातं आणि सगळा ओढा मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीत रुततात, जोर सगळ्या पाठीवर पसरतो. आठ महिन्यांचं अकरा किलोचं बाळ आणि आठ महिन्यांचं साडेआठ किलोचं बाळ, मणके दोघांचेही आठच महिन्यांचे.

स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन या प्राध्यापकांनी १९६४ च्या सुमारास मागे तोंडाची पहिली सीट तयार केली. जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाचा जोर पाठीवर घेतात, त्यावरून त्यांना ती सुचली. तिथली मुलं आजही चौथ्या वर्षापर्यंत अशीच बसतात. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना आधी दोन वर्षांचा आकडा सांगायची. २०१८ मध्ये तिनं वयाचा आकडाच काढून टाकला आणि सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागे तोंड ठेवा असं सांगितलं.

इथे मागे तोंडाचा आग्रह धरणाऱ्या आपल्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायला हवं. मागे तोंड केलं तर "पाचपट सुरक्षित" असं आपण बिनदिक्कत पुढे पाठवतो. तो आकडा २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासातला. त्याच्या आकडेमोडीत चुका निघाल्या आणि नियतकालिकानं तो मागे घेतला. पाचपट म्हणणं सोडून द्या. मणक्यांचं आणि डोक्याच्या वजनाचं कारण त्या आकड्यावाचूनही तितकंच पक्कं आहे.

"पाय वाकडे होतात." आमच्याकडे सासूबाईंचा हाच आक्षेप होता. "अगं, बघ तरी लेकराचे पाय कसे दुमडलेत, गाठोडं केलंय नुसतं." बघणाऱ्याला तसं वाटतंच. पण घरात जमिनीवर खेळताना तेच लेकरू मांडी घालतं, फतकल मारतं, पाय पोटाशी घेऊन झोपतं. त्याचे सांधे सैल असतात, आपल्यासारखी त्याला रग लागत नाही. तंगड्या गाडीच्या सीटच्या पाठीवर टेकल्या म्हणजे सीट लहान झाली असं नाही. अपघातात पायाला मार बसण्याची भीती उलट पुढे तोंड असताना जास्त, कारण पाय उडून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटतात.

मग सीट लहान झाली कधी म्हणायची? मागे तोंडाची वजनाची हद्द ओलांडली, किंवा डोक्याचा माथा सीटच्या वरच्या काठापासून अडीच सेंटिमीटरच्या आत आला, किंवा खांदे सर्वात वरच्या पट्ट्याच्या खाचेच्या बरेच वर गेले, की लहान झाली. सीटसोबतच्या पुस्तिकेत याहून वेगळं मोजमाप दिलं असेल तर ते पाळायचं. म्हणूनच थोराड बाळाची नुसती उंची सांगून सीट मागवू नका. बूड ते खांदा किती आहे ते महत्त्वाचं. धड लांब असलेली मुलं सीटमधून लवकर वर येतात, पाय लांब असलेली येत नाहीत.

"वेग कुठे असतो, मांडी पुरते." पोवई नाक्यावरून शेंद्र्याकडे निघालात की ताशी ५० सहज होतो. तेवढ्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर अंगावर येणारा जोर आपल्या वजनाच्या जवळपास वीसपट भरतो. अकरा किलोचं बाळ त्या क्षणी दोनशे किलोच्या वर. शेंद्र्याच्या साखर कारखान्यातून निघणारी ५० किलोची चार पोती हातांवर झेलून दाखवेल अशी आई मला दाखवा. बाळ जितकं थोराड तितकं हे अशक्य. आईनं आपल्याच पट्ट्यात बाळाला घेतलं तर आणखी वाईट, कारण आईचं सगळं वजन त्याच्यावर येतं. पोटाला बांधायच्या कॅरियरचंही तेच. आणि पुण्याला जाताना खंबाटकीचा जुना बोगदा संपला की जे एस वळण लागतं, तिथल्या अपघातांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचल्या. हायवेवर आपण सावकाश चालवतो म्हणून मागचा कंटेनर सावकाश येत नाही.

कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब प्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे. मांडीला त्यात जागा नाही.

"०–३६ ची एकच घ्या." एकच सीट घेण्याला माझा विरोध नाही, मोठ्या आकड्याला भुलण्याला आहे. छत्तीस हा पुढे तोंडाचा, शेवटच्या टप्प्याचा आकडा. दुकानात विचारायचं ते इतकंच: मागे तोंड करून किती किलोपर्यंत, किती सेंटिमीटरपर्यंत? आम्ही सीट बघायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, एवढं दांडगं पोरगं, पुढंच तोंड करून बसवा की." आणि त्यानं दाखवलेल्या ०–३६ च्या सीटवर बाजूला बारीक अक्षरात मागे तोंडाची हद्द १३ च होती. वरच्या रेषेवरचा मुलगा सव्वा वर्षाच्या पुढेमागे तेरा किलो ओलांडतो. तीच हद्द १८ ची असेल तर तसल्या मुलालाही ती तिसऱ्या वर्षाच्या आसपासपर्यंत पुरते. थोराड बाळासाठी जास्तीचे पैसे मोजायचे तर या पाच किलोंसाठी मोजा. फिरती सीट, कप ठेवायची जागा, मऊ कापड हे नंतर.

पैसे देण्याआधी सीट आपल्या गाडीत लावून बघा, बाळाला सोबत नेऊन. आमच्या हॅचबॅकमध्ये एक सीट मागे तोंड करून ठेवली, पट्टा तिच्या निळ्या खुणांमधून ओढून आणला, तर बक्कल चार बोटं लांबच राहिलं. पट्टाच पुरेना. निळ्या खुणा मागे तोंडाच्या, लाल पुढे तोंडाच्या. लाल खुणांमधून तोच पट्टा आरामात पुरत होता आणि दुकानदाराला तेवढं पुरेसं वाटलं. आम्ही ती सीट परत केली आणि आयसोफिक्सची, म्हणजे पट्ट्याऐवजी गाडीतल्या कड्यांना अडकवायची, घेतली. लावून झाल्यावर पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा, दोन-अडीच सेंटिमीटरहून जास्त सरकता कामा नये. खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता आला तर तो ढिला आहे. थंडीत जाड स्वेटरवर पट्टे आवळू नका, आधी आवळा आणि वरून दुपटं घाला. कुणाची वापरलेली सीट मिळत असेल तर ती अपघातातून गेलेली नाही हे खात्रीनं सांगणाऱ्या माणसाकडूनच घ्या.

जागेची अडचण मात्र खरी आहे. माझा नवरा उंच आहे, सीट डाव्या बाजूला लावल्यावर पुढे बसला की त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. बसायला लागलेल्या बाळासाठी सीट तान्ह्याइतकी आडवी ठेवावी लागत नाही. पुस्तिकेत परवानगी असेल तेवढी उभी केली की बरीच जागा सुटते. तरीही नाही जमलं तर उंच माणसानं मागे बाळाशेजारी बसावं.

"पुढच्या सीटवर लावा" हे मात्र एअरबॅग चालू असताना अजिबात करू नका. २०२१ संपल्यानंतर तयार झालेल्या मोटारींत चालकाशेजारच्या सीटलाही एअरबॅग सक्तीची आहे. ती फुटली तर मागे तोंडाच्या सीटच्या पाठीवरच आदळते, जिथे नेमकं बाळाचं डोकं टेकलेलं असतं. गाडीत ती एअरबॅग बंद करायची सोय नसेल तर पुढच्या सीटचा विषयच काढू नका.